स्वस्त विद्यापीठाचा पुरा हिशेब

लखनौच्या मध्यभागी असलेली अमीनाबाद ही पेठ अवधचा नबाब अमजद अली शाह याच्या अमीनुद्दौला या वजिराच्या नावाने ओळखली जाते. मराठी वाचकाला लखनौ आठवते ते बहुधा पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ मध्ये तेथे सुरू झालेल्या संगीत महाविद्यालयामुळे. परंतु खुद्द लखनौकराच्या मनात अमीनाबाद म्हटले की चिकनचे कापड, औषधांचा घाऊक बाजार आणि शालेय व स्पर्धा-परीक्षांच्या पुस्तकांची दुकाने येतात. या दुकानांचे मालक, त्यांचे मुनीम, औषधविक्रेते आणि आसपासच्या गल्ल्यांतून राहणारे शिक्षक व कारकून यांची मुले आज ज्या परीक्षांची तयारी करतात, त्यांत वैद्यकीय प्रवेशपरीक्षा अग्रभागी आहे. या परीक्षेत पात्र ठरूनही शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली नाही, की घरात एक प्रश्न उभा राहतो: परदेशात स्वस्त विद्यापीठ कोणते?

हा प्रश्न केवळ अमीनाबादचा नाही. लातूर, नांदेड, नागपूर येथील घरांतही तो त्याच शब्दांत विचारला जातो. परदेशातील शिक्षण ही एके काळी तालुकदार, संस्थानिक आणि बॅरिस्टर यांच्या घराण्यांपुरती मर्यादित बाब होती. आता ज्या कुटुंबाची सारी मिळकत म्हणजे एक दुकान, एक घर आणि थोडे सोने एवढीच आहे, ते कुटुंबही हा विचार करू लागले आहे. श्रीमंताची निवड चुकली तर त्याचे काही पैसे जातात. मध्यम स्थितीतील कुटुंबाची निवड चुकली तर घर गहाण राहते आणि मुलाच्या किंवा मुलीच्या उमेदीची सात-आठ वर्षे वाया जातात. म्हणूनच ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ नीट तपासून घेणे आवश्यक ठरते.

विद्यापीठाचे शुल्क हा खर्चाचा केवळ दर्शनी भाग होय. निर्वाह, प्रवास, विमा, भाषा शिकण्याचा काळ, कर्जावरील व्याज, रुपयाचा विनिमयदर आणि शेवटी, जेथे उपजीविका करावयाची त्या देशात ती पदवी मान्य होईपर्यंत जाणारा अवधी, हे सर्व त्यात मिळविल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. बहुतेक कुटुंबे हिशेबाला शुल्कापासून आरंभ करतात. वास्तविक तो उलट दिशेने, म्हणजे पदवीच्या उपयोगापासून, मांडला पाहिजे. ही गोष्ट नवी नाही. परदेशी गेलेल्या पहिल्या पिढ्यांच्या अनुभवातही ती स्पष्ट दिसते, आणि त्या अनुभवाचा एक धागा अमीनाबादेतूनच निघतो.

फिलाडेल्फियाची वाट

१८ एप्रिल १८७० रोजी इझाबेला थोबर्न या अमेरिकन मिशनरी बाईंनी अमीनाबादच्या बाजारात एका खोलीत सहा मुलींची शाळा सुरू केली. त्या शाळेतूनच पुढे लखनौचे प्रसिद्ध महिला महाविद्यालय उभे राहिले आणि ते आजही त्यांच्याच नावाने चालते. ज्या प्रवासात थोबर्नबाई न्यूयॉर्कहून निघून जानेवारी १८७० मध्ये मुंबईस उतरल्या, त्या प्रवासात त्यांच्या समवेत क्लारा स्वेन नावाच्या डॉक्टर होत्या. त्या बरेलीस गेल्या आणि तेथे त्यांनी स्त्रियांसाठी रुग्णालय काढले. क्लारा स्वेन यांनी १८६९ मध्ये ज्या संस्थेची पदवी घेतली होती, ती म्हणजे फिलाडेल्फियाचे पेनसिल्व्हेनिया महिला वैद्यकीय महाविद्यालय. याच महाविद्यालयात १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी दाखल झाल्या.

आनंदीबाईंची विद्यापीठाची निवड कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. टपाल खात्यात नोकरी करणारे त्यांचे पती गोपाळराव यांनी कोल्हापुरास असताना वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याशी पत्रव्यवहार केला होता. तो अमेरिकेतील एका नियतकालिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी आनंदीबाईंना आपण होऊन पत्र लिहिले. त्यातून स्नेह जुळला, आणि परक्या देशात उतरण्यासाठी एक घर मिळाले. प्रवासखर्चासाठी दागिने विकले गेले. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्यांच्याजवळ ना पुरेसा पैसा होता, ना पूर्वीचे रीतसर शिक्षण. त्यांनी महाविद्यालयाला पत्र लिहून आपली परिस्थिती आणि आपला हेतू स्पष्ट मांडला. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी शिष्यवृत्तीही देऊ केली.

कागदावर पाहिले तर यापेक्षा स्वस्त निवड संभवत नव्हती. शिष्यवृत्ती मिळाली, ओळखीचे घर मिळाले, आणि केवळ स्त्रियांसाठी १८५० मध्ये स्थापन झालेले महाविद्यालय मिळाले. परंतु जो खर्च कोणत्याही पत्रकात नव्हता, तोच सर्वांत जड ठरला. फिलाडेल्फियाची थंडी, नीट न पेटणाऱ्या चुलाण्याने धुराने भरणारी खोली आणि शाकाहारी अन्नाची अडचण यांनी त्यांची प्रकृती ढासळली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी.ची पदवी मिळाली. कोल्हापूर संस्थानाने तेथील रुग्णालयाच्या स्त्री-विभागासाठी त्यांची नेमणूकही केली. परंतु क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाई मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

ही कथा सामान्यतः धैर्याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र तिच्याकडे आणखी एका बाजूने पाहता येते. उबदार खोली आणि पचेल असे अन्न यांवर होणारा खर्च हा चैनीचा खर्च नव्हे, तो शिक्षणाच्या खर्चाचाच भाग आहे. आजही निर्वाहखर्चाचा आकडा कमीत कमी धरून विद्यापीठ ‘परवडते’ असे ठरविले जाते आणि मुलगा तेथे गेल्यावर भाडे वाचविण्यासाठी शहराबाहेर दोन तासांच्या अंतरावर राहू लागतो. अशा हिशेबाला हिशेब म्हणणे कठीण आहे.

साडेअकरा पौंड

आनंदीबाईंनंतर तीस वर्षांनी डॉ. भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला गेले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार जून १९१३ मध्ये झाला. मुंबईतील कुटुंबाच्या खर्चासाठीही याच रकमेतून पैसे पाठवावे लागत.

पैसा मोजका असेल तर विद्यार्थ्याच्या हाती उरते ते एकच साधन, आणि ते म्हणजे काळ. कोलंबिया विद्यापीठातील आंबेडकरांच्या अभ्यासक्रमांची यादी प्रसिद्ध आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि शिवाय प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी एक. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनला जाऊन अर्थशास्त्राच्या संस्थेत व ग्रेज इनमध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची वाढवून मिळालेली मुदत १९१७ मध्ये संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची सवलत तेवढी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. त्या सवलतीचे मोल पुढे कळून आले.

करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले. परंतु अस्पृश्य म्हणून शहरात राहावयास जागा मिळेना, कचेरीतही अपमान होऊ लागले आणि त्यांना ते शहर सोडावे लागले. शिष्यवृत्तीच्या रकमेच्या परतफेडीचा पत्रव्यवहार मात्र नंतर अनेक वर्षे चालू राहिला. शिष्यवृत्तीबरोबर येणारे बंधपत्र वाचताना आजच्या विद्यार्थ्याने हा प्रसंग लक्षात ठेवावा. अटी पाळणे नेहमीच एकट्या विद्यार्थ्याच्या हाती असते असे नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकाची जागा मिळाली. त्या वेतनातून काटकसरीने शिल्लक टाकून, नवल भाथेना या मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेऊन आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या साहाय्यावर ते जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. म्हणजे शिष्यवृत्ती, स्वतःची बचत, मित्राचे कर्ज आणि आश्रयदात्याची मदत, असे चार मार्ग त्यांनी पुढेमागे वापरले. लंडनमध्ये साध्या खाणावळीत राहून, दिवसभर ग्रंथालयात बसून आणि दुपारच्या जेवणाला बहुधा फाटा देऊन त्यांनी १९२१ मध्ये एम.एस्‌सी. व १९२३ मध्ये डी.एस्‌सी. या पदव्या मिळविल्या. मधल्या काळात बॅरिस्टरीही पुरी झाली.

त्यांच्या डी.एस्‌सी.च्या प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. १९२० च्या प्रारंभी एका रुपयाला दोन शिलिंग दहा पेन्सच्या आसपास भाव मिळत होता. वर्षभरात तो एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली उतरला. याचा अर्थ असा की, पहिल्या भावाने शंभर रुपयांचे चौदा पौंडांहून अधिक मिळाले असते, तर दुसऱ्या भावाने सात पौंडही मिळत नव्हते. ज्या वर्षांत रुपयाची ही घसरण झाली त्याच वर्षांत, रुपयांत साठविलेल्या पैशावर लंडनमध्ये राहून, एक विद्यार्थी रुपयाच्या मूल्याची शास्त्रीय मीमांसा करीत होता.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. कोलंबियाच्या तत्कालीन नियमानुसार प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला सादर केल्याशिवाय पीएच.डी. प्रदान होत नसे. आंबेडकरांचा प्रबंध ग्रंथरूपाने १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली, म्हणजे न्यूयॉर्क सोडल्यानंतर अकरा वर्षांनी! अभ्यास पुरा होणे आणि पदवी हाती येणे यांत अंतर असू शकते, आणि त्या अंतराला पैसा लागतो. आजच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला हे अंतर निराळ्या रूपात भेटते. त्याचा विचार पुढे येईलच.

कर्जाचे गणित

मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी आज केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या योजना आहेत. केंद्राच्या योजनेत वर्षाला १२५ जागा असतात, राज्याच्या योजनेत ७५. त्यांच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या-त्या वर्षीची जाहिरात पाहणेच इष्ट. बहुसंख्य कुटुंबांना मात्र बँकेच्या कर्जावर अवलंबून राहावे लागते.

बँकांच्या संघाने ठरविलेल्या आदर्श शैक्षणिक कर्जयोजनेनुसार साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. त्यापुढे घर, जमीन किंवा ठेव तारण ठेवावी लागते. परदेशातील शिक्षणासाठी एकूण खर्चाच्या १५ टक्के रक्कम कुटुंबाने स्वतः उभी करावयाची असते. अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षापर्यंत हप्ता द्यावा लागत नाही. अनेकांचा गैरसमज येथेच होतो. हप्ता नसला तरी व्याज थांबत नाही.

समजा, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी वीस लाखांचे कर्ज शेकडा १० दराने घेतले आणि बँकेने दर वर्षी दहा लाख दिले. पहिल्या वर्षाचे व्याज एक लाख, दुसऱ्याचे दोन लाख आणि सवलतीच्या तिसऱ्या वर्षाचेही दोन लाख. म्हणजे परतफेड सुरू होताना देणे वीस लाख नसून पंचवीस लाख असते. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारे ३३,००० रुपये येतो आणि एकूण परतफेड साडेएकोणचाळीस लाखांच्या वर जाते. अमीनाबादच्या बाजारात उधारीचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या करणारा व्यापारीसुद्धा मुलाच्या शिक्षणाच्या बाबतीत हे त्रैराशिक मांडून पाहत नाही, याचे आश्चर्य वाटते. शिकत असतानाच कुटुंबाने व्याज भरले तर हा बोजा बराच हलका होतो.

त्यात विनिमयदराची भर पडते. २०१० मध्ये एक अमेरिकन डॉलर सुमारे ४५ रुपयांना मिळत असे, तर २०२४ च्या अखेरीस त्याला सुमारे ८५ रुपये मोजावे लागत. अभ्यासक्रमाचे सर्व शुल्क आजच्या भावाने रुपयांत मांडणे ही म्हणूनच चूक होय. शिवाय यजमान देशाचे नियमही बदलतात. कॅनडाने विद्यार्थ्याला निर्वाहासाठी दाखवाव्या लागणाऱ्या रकमेचा आकडा १ जानेवारी २०२४ पासून १०,००० डॉलरवरून एकदम २०,६३५ डॉलरवर नेला. ज्यांनी जुन्या आकड्यावर दोन वर्षे तयारी केली होती, त्यांची बेगमी एका दिवसात अर्धी ठरली.

वैद्यकीय पदवीचे परतीचे तिकीट

अमीनाबादच्या घरात विचारला जाणारा प्रश्न मुख्यतः वैद्यकीय शिक्षणाचा आहे. २०२४ मध्ये प्रवेशपरीक्षेस तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. देशात वैद्यकीय पदवीच्या जागा त्या वेळी एक लाखाच्या थोड्या वर होत्या आणि त्यांतील सुमारे निम्म्याच शासकीय होत्या. अनेक खासगी महाविद्यालयांचे संपूर्ण शुल्क अर्ध्या कोटीच्या पुढे जाते. रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, जॉर्जिया, बांगलादेश, नेपाळ आणि २०२२ पूर्वी युक्रेन या देशांकडे हजारो विद्यार्थी वळतात याचे कारण या आकड्यांत आहे. त्यांना सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही. देशात परवडणारी जागा नाही म्हणून ते बाहेर जातात.

परंतु या विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ सर्वांना परत येऊन भारतातच व्यवसाय करावयाचा असतो. म्हणून विद्यापीठ किर्गिझस्तानचे असले तरी निवडीचा निकष भारतातच शोधला पाहिजे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी जे नियम जाहीर केले त्यांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा लागतो, तो इंग्रजी माध्यमातून झालेला असावा लागतो आणि त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता करावी लागते. ती पदवी त्या देशात, तेथील नागरिकाच्या बरोबरीने, व्यवसायाचा परवाना मिळविण्यास पात्र असली पाहिजे. भारतात परतल्यावर पात्रता-परीक्षा उत्तीर्ण होऊन पुन्हा १२ महिन्यांची आंतरवासिता करावयाची असते. प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत शिक्षण पुरे व्हावे, अशीही अट आहे.

या अटी वाचल्या की अनेक स्वस्त विद्यापीठे यादीतून आपोआप गळतात. चार वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम ४८ महिन्यांचाच भरतो, म्हणून तो कितीही नामांकित असला तरी चालत नाही. पहिली तीन वर्षे इंग्रजीत शिकवून पुढे रुग्णालयात स्थानिक भाषेचा आश्रय घेणारे अभ्यासक्रमही अडचणीचे ठरतात. कारण रोगी रशियन किंवा किर्गिझ बोलतो, आणि ज्या विद्यार्थ्याला त्याचे दुखणे विचारता येत नाही, तो पाच वर्षे रुग्णालयात राहूनही रोगनिदान शिकत नाही. ही उणीव नियमपुस्तकात दिसो वा न दिसो, पात्रता-परीक्षेत ती उघडी पडते.

२००२ पासून ही परीक्षा घेतली जाते. वर्षातून दोनदा, तीनशे गुणांची. उत्तीर्ण होण्यास दीडशे गुण पुरेत. तरीही डिसेंबर २०२३ च्या परीक्षेत बसलेल्यांपैकी सुमारे एकपंचमांशच उत्तीर्ण झाले. देशादेशांच्या आणि एकाच देशातील महाविद्यालयांच्या निकालांत मोठी तफावत आढळते. परीक्षा घेणाऱ्या मंडळाने संस्थावार निकाल प्रसिद्ध केलेले आहेत. ते कोणालाही पाहता येतात. शुल्काच्या पत्रकापेक्षा हा तक्ता आधी पाहावा.

आता वरील कर्जाचे उदाहरण येथे लावून पाहावे. ५४ महिने, त्यावर १२ आणि पुन्हा १२ मिळून ७८ महिने, म्हणजे साडेसहा वर्षे होतात. यात परीक्षेच्या तयारीचा काळ धरलेला नाही. पंचवीस लाखांच्या देण्यावर शेकडा १० दराने वर्षाला अडीच लाख व्याज चढते. परीक्षेचे दोन प्रयत्न वाया गेले तर एक वर्ष जाते, आणि तेवढी रक्कम कमाईवाचून वाढते. शुल्कात वाचलेले चार-पाच लाख रुपये असे दोन वर्षांत नाहीसे होतात. ज्या महाविद्यालयाचे शुल्क थोडे अधिक परंतु निकाल बरा, तेच पुष्कळदा अखेरीस कमी खर्चाचे ठरते.

काही गोष्टी कोणत्याही हिशेबात बसत नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेतून सुमारे साडेबावीस हजार भारतीयांना परत आणण्यात आले. त्यांत बहुसंख्य वैद्यकीय विद्यार्थी होते. खारकीव्हमध्ये एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. चीनमध्ये शिकणारे विद्यार्थी त्याआधीच, २०२० च्या साथीपासून, दोन वर्षांहून अधिक काळ घरी अडकून पडले होते. संगणकावरून घेतलेले धडे रुग्णालयातील शिक्षणाची जागा घेऊ शकत नाहीत, अशी आयोगाची भूमिका होती, आणि ती तर्काला धरून होती. युक्रेनच्या विद्यार्थ्यांना आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये अन्य देशांतील विद्यापीठांत जाऊन शिक्षण पुरे करण्याची मुभा दिली. परंतु नव्या देशाचे शुल्क, नवा व्हिसा आणि नवा प्रवास यांचा भार ज्याचा त्यालाच उचलावा लागला. शेजारी राष्ट्राशी वैर असलेल्या देशात पाच-सहा वर्षांचा अभ्यासक्रम निवडताना ही शक्यता कोणी मनात आणली नसेल तर त्यात नवल नाही. यापुढे ती आणली पाहिजे.

प्रवेश मिळवून देणारे दलाल या सर्व गोष्टी सांगत नाहीत. ‘आयोगाची मान्यता असलेले महाविद्यालय’ हे त्यांचे आवडते वाक्य. वस्तुतः आयोग परदेशी महाविद्यालयांना अशी मान्यता देत नाही. नियमांत बसणारा अभ्यासक्रम निवडण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावरच आहे. जागतिक सूचीत नाव असणे म्हणजेही मान्यता नव्हे. महाविद्यालयाकडून अभ्यासक्रमाचा कालावधी, माध्यम, आंतरवासितेची जागा आणि परवान्याची पात्रता या चार बाबी लेखी मागवाव्यात. जे लेखी मिळत नाही ते नाही असेच समजावे. शुल्कही दलालाच्या हाती न देता विद्यापीठाच्या खात्यावर बँकेमार्फत भरावे.

शुल्क नसलेला देश

वैद्यकाखेरीज अन्य विषयांत, विशेषतः अभियांत्रिकी आणि विज्ञान यांत, मार्ग वेगळा आहे. जर्मनीतील काही राज्यांनी २००६-०७ च्या सुमारास सुरू केलेले विद्यापीठ-शुल्क २०१४ पर्यंत सर्वत्र रद्द झाले. सार्वजनिक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही बहुतेक ठिकाणी सत्रागणिक अल्प वर्गणीच द्यावी लागते. याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सत्राला १,५०० युरो घेते, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अभ्यासक्रमानुसार २,००० ते ६,००० युरोंपर्यंत शुल्क लावले आहे.

परंतु शुल्क नाही म्हणजे खर्च नाही असे नव्हे. व्हिसासाठी एका वर्षाचा निर्वाहखर्च बंद खात्यात आधीच भरावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये हा आकडा ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२ युरो, करण्यात आला. ही रक्कम विद्यार्थ्याचीच असते आणि ती त्याला महिन्याच्या महिन्याला परत मिळते. मात्र निघण्यापूर्वी ती एकरकमी उभी करणे हीच मध्यमवर्गीय कुटुंबाची खरी परीक्षा ठरते. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, आणि पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिने राहता येते. या सवलतींचा लाभ कोणाला होतो? ज्याला जर्मन येते त्याला. पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून मिळतो, नोकरी मात्र बहुधा जर्मनमधूनच मिळते.

याबाबतचे एक जुने उदाहरण अवधचेच आहे. फैजाबाद जिल्ह्यातील अकबरपूरचे राममनोहर लोहिया इंग्लंडऐवजी बर्लिनला गेले. ज्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांना काम करावयाचे होते त्या वेर्नर झोम्बार्ट यांनी आपल्याला इंग्रजी येत नसल्याचे सांगितले, तेव्हा लोहिया जर्मन शिकून काही महिन्यांनी पुन्हा त्यांच्याकडे गेले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्याच सुमारास, १९२८ मध्ये, इरावती कर्वे पुण्याहून बर्लिनला गेल्या आणि तेथे त्यांनी मानववंशशास्त्रात डॉक्टरेट मिळविली.

भाषेचा हा खर्च भारतात राहूनच भागविता येतो, आणि तेथे तो सर्वांत कमी पडतो. पुण्यामुंबईच्या मॅक्स म्युलर भवनांतून किंवा विद्यापीठांच्या भाषा-विभागांतून पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून जर्मन शिकण्यास आरंभ केला तर पदवी हाती येईपर्यंत व्यवहारापुरती भाषा येऊ शकते. भारतीय विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांची तपासणी नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीची झाली असून तिला वेळ लागतो, आणि हिवाळी सत्राच्या अर्जांची मुदत पुष्कळ विद्यापीठांत १५ जुलैला, काही ठिकाणी त्याहूनही आधी, संपते. तेव्हा ऑक्टोबरात वर्गात बसावयाचे असेल तर कागदपत्रे त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवाळीपूर्वी तपासणीस गेलेली असावीत.